वसतिगृहापासून कारागृहापर्यंत: संस्थेत राहणाऱ्यांची जनगणना कशी करायची

जनगणनेची माहिती गोळा करणाऱ्या नव्या प्रगणकाच्या गटात, म्हणजे त्याला नेमून दिलेल्या भागात, वसतिगृह किंवा आश्रमशाळा आली की हात आधी रजिस्टरकडे जातो. गृहपालांकडून यादी घ्यायची, नावं उतरवायची, सही-शिक्का घ्यायचा, की एका दुपारीत सव्वाशे माणसं मोजून झाली. पण यादी सांगते प्रवेश कुणाला दिला, आणि जनगणनेला हवं असतं प्रत्यक्ष राहतं कोण. डिसेंबरात शाळा सोडून गेलेल्या मुलाचं नाव फेब्रुवारीतही हजेरीपटावर असू शकतं. स्वयंपाकघरामागच्या खोलीत झोपणाऱ्या मदतनीस बाईंचं नाव मात्र कुठल्याच पटावर नसतं. शिवाय पटावरच्या मुलाचं नाव गावाकडे आईवडिलांनीही सांगितलेलं असतं, म्हणजे एकच मूल दोनदा मोजलं जातं. संस्थेतल्या गणनेचा खरा कस ही तफावत शोधण्यात लागतो. प्रश्न भरणं त्यानंतरचं काम.

पुढचं सगळं २०११ च्या जनगणनेत वापरलेल्या व्याख्या आणि नियमांवर आधारलेलं आहे. आगामी जनगणनेचा संदर्भ-क्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरायची तो, १ मार्च २०२७ चे ०० वाजता असा अधिसूचित झाला आहे. लडाख आणि जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडमधल्या बर्फाच्छादित भागांसाठी तो १ ऑक्टोबर २०२६ आहे. तुमच्या हातातल्या सूचना पुस्तिकेत एखादा नियम वेगळा असेल तर पुस्तिका प्रमाण माना. खाली ‘गणना-काळ’ म्हटलं आहे तो म्हणजे तुमच्या आदेशातला लोकसंख्या गणनेचा काळ. २०११ मध्ये तो ९ ते २८ फेब्रुवारी होता.

आधी ठरवा: संस्थात्मक की सामान्य?

जनगणनेत कुटुंबाचे तीन प्रकार आहेत: सामान्य, संस्थात्मक आणि बेघर. संस्थात्मक कुटुंबाला दोन अटी लागतात. माणसं एकमेकांच्या नात्यातली नसलेली, संस्थेत राहणारी हवीत. आणि त्यांचं जेवण एकाच स्वयंपाकघरातलं हवं. वसतिगृह, मेस, बोर्डिंग, हॉटेल, अनाथालय, महिला सुधारगृह, कारागृह, आश्रम ही नेहमीची उदाहरणं. सामान्य कुटुंबातही नात्यातली नसलेली माणसं असू शकतात, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. चार मित्र फ्लॅट भाड्याने घेऊन एकत्र स्वयंपाक करत असतील तर ते एक सामान्य कुटुंब आहे. त्यांच्यापैकी ज्याला सगळे प्रमुख मानतात त्याला कुटुंबप्रमुख लिहायचं. तेच चौघे एका फ्लॅटमध्ये कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त खाटेचं भाडं देऊन, राहून आपापलं बाहेर जेवत असतील, तर ती चार वेगळी कुटुंबं होतात.

म्हणून दारात उभं राहिल्यावर पहिला प्रश्न जेवणाचा विचारा. इमारतीवरची पाटी काय म्हणते याला फारसं महत्त्व नाही. शहरात पीजीच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून तिथले तीन प्रकार वेगळे ओळखा. मालकाच्या घरात राहून त्यांच्याच स्वयंपाकघरातलं जेवणारी मुलगी मालकाच्या सामान्य कुटुंबात येते, नातं नसलेली सदस्य म्हणून. पंचवीस मुलींची, स्वतःचं स्वयंपाकघर चालवणारी पीजी संस्थात्मक होते. आणि फक्त खोल्या देणारी, जेवण ज्याचं त्याने बघावं अशी पीजी असेल तर प्रत्येकजण वेगळं कुटुंब. कंत्राटदाराच्या लेबर कॅम्पचंही असंच. सामाईक मेस असेल तर संस्थात्मक. खोलीगणिक स्टोव्ह पेटत असेल तर जितके स्टोव्ह तितकी सामान्य कुटुंबं.

मेस बंद पडलेलं कॉलेजचं वसतिगृह मात्र खरंच अडचणीचं असतं. संस्था आहे, पण सामाईक स्वयंपाकघर नाही. अशा वेळी स्वतः निकाल लावत बसू नका. पर्यवेक्षकांना विचारा, त्यांचा निर्णय तारखेसह नोंदवून ठेवा आणि पूर्ण इमारतीला तोच लावा. माणसांचा गट कसा पाडायचा एवढाच तिथे प्रश्न आहे. डोकी कोणत्याही गटात घातली तरी तितकीच राहायला हवीत.

एका आवारात एकाहून जास्त संस्थात्मक कुटुंबं असू शकतात. मुलांचं आणि मुलींचं वसतिगृह वेगळं, स्वयंपाकघरंही वेगळी, तर दोन कुटुंबं. गृहपाल क्वार्टरमध्ये बायकामुलांसह राहून घरी स्वयंपाक करत असतील तर त्यांचं वेगळं सामान्य कुटुंब. ते एकटे राहून मेसमध्ये जेवत असतील तर संस्थात्मक कुटुंबातच. पहारेकरी, माळी, स्वयंपाकी यांना हीच कसोटी लावा. गावातून येऊन संध्याकाळी घरी परत जाणारा कर्मचारी इथे अजिबात मोजायचा नाही.

घर क्रमांकाबद्दल थोडक्यात: वसतिगृहाच्या खोल्यांची दारं सामाईक व्हरांड्यात उघडत असली तरी ती इमारत एकच जनगणना घर धरतात. क्वार्टर, पहारेकऱ्याची स्वतंत्र खोली यांना आपापले क्रमांक मिळतात. घरयादीच्या, म्हणजे आधीच्या घरं नोंदवण्याच्या टप्प्याच्या वेळी आवारातली मागची खोली सुटली असेल तर ती याच फेरीत नकाशावर घाला.

जाण्याच्या आठवडाभर आधी

पहिली चौकशी चार्ज अधिकाऱ्यांकडे करा. ग्रामीण भागात हे साधारणपणे तहसीलदार असतात, शहरात नगरपालिका-महापालिकेचे अधिकारी. त्यांना दोन गोष्टी विचारा. संस्था नक्की तुमच्याच प्रगणन गटात आहे, की तिला स्वतंत्र गट केलं आहे? लष्करी हद्दीसारखी प्रतिबंधित क्षेत्रं ‘विशेष चार्ज’ असतात आणि तिथे त्यांच्याच यंत्रणेतली माणसं गणना करतात, त्यामुळे तुम्हाला आत जायचं नसतं. दुसरं, संस्थाप्रमुखाला लेखी आदेश दिला आहे का? जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम ६ प्रमाणे रुग्णालय, कारागृह, सुधारगृह, शैक्षणिक-धार्मिक-धर्मादाय संस्था, धर्मशाळा, हॉटेल, बोर्डिंग यांच्या प्रमुखांवर लेखी आदेशाने जनगणना अधिकाऱ्याची कामं सोपवता येतात. असा आदेश निघाला असेल तर माहिती तेच गोळा करतील आणि तुमच्याकडे तपासणी येईल. निघाला नसेल तर प्रत्येक माणसाला तुम्हीच भेटायचं आहे. दोघांनाही वाटतं समोरचा करतोय, आणि पूर्ण इमारत राहून जाते. आमच्या मते संस्थात्मक गणनेतली ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, कारण ती एका फटक्यात शंभर-दोनशे माणसं गाळते.

कारागृहाची तयारी याहून लवकर सुरू करा. या वेळी नोंद मोबाईल अ‍ॅपवर करायची आहे आणि कारागृहात मोबाईल नेता येत नाही. फोनला लेखी परवानगी मिळणार आहे, की आत कागदावर लिहून बाहेर येऊन भरायचं, हे अधीक्षक आणि चार्ज अधिकारी यांच्यात आधी ठरलेलं हवं. गेटवर उभं राहून ठरवता येणार नाही. मुलींच्या वसतिगृहात, महिला आधारगृहात महिला प्रगणक किंवा सोबतीला महिला सहकारी मागून घ्या.

वेळेचा हिशोब मांडा. २०११ च्या लोकसंख्या गणनेत प्रत्येकी २९ प्रश्न होते. एका माणसाला पाच मिनिटं धरली तरी १२० जणांना दहा तास लागतात. शाळेच्या वसतिगृहात मुलं हाती लागतात ती सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी पाच ते साडेसात, जेवणाच्या घंटेपर्यंत. म्हणजे किमान चार-पाच फेऱ्या. २०२७ मध्ये १९ फेब्रुवारीची शिवजयंती शुक्रवारी येते, लागून शनिवार-रविवार. त्या तीन दिवसांत वसतिगृहं ओस पडतील. वेळापत्रक त्यानुसार आखा.

कुणाला इथे मोजायचं

गोंधळ टाळायला तीन प्रश्नांची साखळी लक्षात ठेवा.

पहिला: हा माणूस नेहमी इथेच राहतो का? राहत असेल आणि गणना-काळातले काही दिवस जरी इथे असेल, तर इथेच मोजा. जूनपासून वसतिगृहात असलेला विद्यार्थी सुट्टीला चार दिवस गावी गेला तरी त्याची नोंद वसतिगृहातच होते.

दुसरा: नेहमी इथे राहत असूनही तो पूर्ण गणना-काळ बाहेर आहे का? आजारपणामुळे गणना-काळ सुरू होण्याआधीच घरी गेलेली आणि १ मार्चच्या ०० वाजेपर्यंत न परतणारी मुलगी इथे मोजायची नाही. ती घरी मोजली जाईल.

तिसरा: नेहमीचं घर दुसरीकडे आहे, पण पूर्ण गणना-काळ तो त्या घरापासून दूर राहून इथे आहे का? असेल तर इथे मोजा.

रुग्णालय, लॉज, भक्तनिवास यांचा निकाल या तिसऱ्या प्रश्नावर लागतो. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी सहा दिवस दाखल असलेले गृहस्थ घरी मोजले जातील. खाटेवर दिसले म्हणून त्यांना लिहिलंत तर ते दोनदा लागतील. दोन महिने पाय टांगून पडलेला अपघातग्रस्त मात्र घरच्या यादीत येऊ शकत नाही, त्याला रुग्णालयातच लिहायचं. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षं राहणारी माणसं आहेत. त्यांच्यापैकी अनेकांची नावं घरच्यांच्या तोंडून येणार नाहीत, तेव्हा ती तिथेच काळजीपूर्वक घेतली गेली पाहिजेत. देवस्थानाच्या भक्तनिवासातले यात्रेकरू नव्हेत, पण तिथेच राहणारे पुजारी, सेवेकरी, साधू मोजायचे.

कारागृहात शिक्षा झालेला आणि कच्चा कैदी असा भेद गणनेसाठी करू नका. पूर्ण काळ आत असेल तर आत मोजा. मध्येच जामिनावर सुटून घरी पोहोचलेल्याला घरी मोजायचं असतं, म्हणून सुटकेची तारीख यादीत लिहा आणि नंतर त्याचं नाव काढा. दुसऱ्या कारागृहात हलवलेल्या कैद्याबाबत तिथल्या प्रगणकापर्यंत पर्यवेक्षकामार्फत निरोप गेला पाहिजे, नाहीतर तो दोन्हीकडे लागेल किंवा कुठेच नाही. परदेशी विद्यार्थी, परदेशी कैदी यांनाही मोजायचं आहे. नागरिकत्वावरून कुणाला वगळत नाहीत. राजनैतिक संरक्षण असलेले अधिकारी आणि त्यांची कुटुंबं एवढाच अपवाद.

कामाची यादी आणि ताळा

अ‍ॅप उघडण्याआधी साध्या वहीत कामाची यादी करा. रकाने पुरेसे: अनुक्रमांक, नाव, खोली किंवा बराक, कधीपासून राहतो, गणना-काळात कुठे, गावी कुणी नाव दिलं का, शेरा. संस्थेचा हजेरीपट शेजारी ठेवा, पण सुरुवात खोल्यांपासून करा. तळमजल्याच्या एका टोकाने निघा, प्रत्येक खोलीत किती खाटा, किती अंथरुणं, किती माणसं ते पाहा, आणि मग पटाशी जुळवा. उलटं केलं, म्हणजे पट हातात धरून नावं पुकारली, तर पटावर नसलेला माणूस तुम्हाला कधीच सापडत नाही.

समजा पटावर १२० नावं आहेत. त्यातले ९ जण सोडून गेले, नाव कमी करायचं राहिलं. ४ जण पूर्ण गणना-काळ घरी. खोल्यांमध्ये ६ जण असे निघाले ज्यांना प्रवेशच मिळालेला नाही, मित्राच्या खाटेखाली गादी टाकून राहतात. कॉलेजच्या वसतिगृहात त्यांना ‘पॅरासाइट’ म्हणतात. मेसमध्ये जेवून तिथेच झोपणारे ३ मदतनीस. १२० उणे ९, उणे ४, अधिक ६, अधिक ३ म्हणजे ११६. हा ताळा वहीत लिहून ठेवा. पर्यवेक्षक तपासायला येतील तेव्हा ‘पटावर १२० आणि तुमचे ११६ कसे?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

दुसरा ताळा मेसमधून मिळतो. सुट्टी नसलेल्या दिवशी रात्री किती ताटं लागतात हे स्वयंपाक्याला अंदाजाने नाही, अचूक माहीत असतं. तुमची यादी ११६ आणि ताटं १२२, तर सहाजण अजून कुठेतरी आहेत. बहुतेक वेळा ते वरच्या मजल्यावरच्या बंद ‘स्टोअर रूम’मध्ये किंवा आवाराबाहेर भाड्याच्या खोलीत राहून इथे जेवणारे असतात. दुसऱ्या प्रकारच्यांना त्यांच्या खोलीच्या पत्त्यावर मोजायचं.

पॅरासाइट मुलं तुम्हाला पाहून गॅलरीतून निघून जातील, त्यात नवल नाही. नाव लागलं तर रेक्टर हाकलतील ही भीती असते. त्यांना सरळ सांगा की कलम १५ प्रमाणे जनगणनेची नोंद कुणालाही पाहायला मिळत नाही आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. मग तसं वागाही. कामाची यादी गृहपालांच्या टेबलावर विसरू नका, आणि ‘आमच्या रेकॉर्डला एक प्रत द्या’ ही मागणी कितीही साधी वाटली तरी नाकारा.

दुबार नोंदीचं मूळ बहुतेकदा गावी असतं. पालक ‘आमची मुलं किती’ असं समजून उत्तर देतात. या वेळी स्व-गणनेची सोय असल्यामुळे नागपूरला शिकणाऱ्या मुलाचं नाव गडचिरोलीत बसून ऑनलाइन भरलं जाण्याची शक्यताही आहे. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याला विचारा: ‘घरी तुझं नाव कुणी भरलंय का?’ ‘हो’ म्हणाला तरी नेहमी वसतिगृहात राहणाऱ्याला इथेच लिहा. घरचा पत्ता शेऱ्यात घेऊन पर्यवेक्षकांना कळवा आणि मुलाला घरी फोन करून सांगायला लावा. गावातल्या प्रगणकाने प्रत्येक घरात ‘शिकायला, नोकरीला बाहेर राहणारं कुणी यात धरलंय का?’ एवढं विचारलं तरी निम्मी अडचण तिथेच मिटते.

प्रश्न विचारताना

कुटुंबाच्या प्रकारात ‘संस्थात्मक’ निवडा. इथे राहणारे एकमेकांचे नातेवाईक नसतात, म्हणून प्रमुखाशी नातं विचारलं असेल तिथे नातं नसल्याचीच नोंद करा. दोन सख्खे भाऊ एका खोलीत असले तरी तेच.

बाकी उत्तरं ज्याची त्याच्याकडून घ्या. अधीक्षकांनी सगळ्यांच्या वतीने दिलेली उत्तरं वेगाने येतात आणि एकसारखी येतात. त्यातच त्यांचा दोष आहे. मातृभाषा बघा. मेळघाटातल्या आश्रमशाळेत शाळेची भाषा मराठी आहे म्हणून ‘सगळ्यांची मराठी’ असं सांगितलं जातं आणि घरी कोरकू बोलणारी शंभर मुलं एका ओळीत मराठी भाषक होऊन जातात. भामरागडला माडिया, नंदुरबारकडे भिलीच्या बोली, पालघरमध्ये वारली. मुलाला ‘तुझी मातृभाषा कोणती’ विचारलं तर तो मास्तरांकडे पाहतो. ‘आई तुझ्याशी घरी कशात बोलते?’ विचारा, लगेच सांगतो. सांगेल ते नाव तसंच लिहा. ही बोली की भाषा याचा निवाडा तुमच्याकडे नाही. जमातीचं नाव मात्र अनुसूचित यादीशी जुळवून घ्यावं लागतं.

जन्मस्थळ आणि शेवटचं वास्तव्य हे प्रश्न संस्थेत महत्त्वाचे आहेत, कारण इथला जवळजवळ प्रत्येकजण स्थलांतरित आहे. अधीक्षक शाळेचंच गाव सांगून मोकळे होतात. मुलाचं गाव, तालुका, जिल्हा घ्या. इथे यायचं कारण शिक्षण. आणि किती वर्षांपासून. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद निरक्षर अशीच होते, बालवाडीत अक्षरं गिरवत असली तरी. बालगृहातल्या ज्या मुलाचा जन्मदिनांक ठाऊक नाही, त्याचं संस्थेच्या कागदपत्रांतलं वय घ्या.

वृद्धाश्रमात अपंगत्वाच्या प्रश्नावर दोन टोकं दिसतात. संकोचामुळे प्रश्न गाळला जातो, किंवा वय झालं म्हणून सगळ्यांना सरसकट ‘चालण्यात’ अशी खूण होते. पुस्तिकेतली प्रत्येक प्रकाराची व्याख्या वाचून, त्या माणसाशी बोलून ठरवा. कारागृहातल्या कामाची नोंदही पुस्तिकेच्या सूचनेनुसारच करा, आपल्या तर्काने नको.

आधारगृहातल्या बाईंशी बोलताना अधीक्षिका, पहारेकरी यांना कानाआड राहायची विनंती करा. वैवाहिक स्थिती, मुलं किती झाली, किती हयात आहेत हे प्रश्न चारचौघांत विचारायचे नाहीत. कलम ८ प्रमाणे घरातल्या स्त्री सदस्याचं नाव सांगायची सक्ती नाही, आणि पतीचं नाव सांगायची सक्ती तर कुठल्याच स्त्रीवर नाही. नाव न देता बाकी नोंद पूर्ण करता येते. तिथे ती कशी आली, हा जनगणनेचा प्रश्न नाही.

फेब्रुवारीतला ऊसतोड तळ

गणना नेमकी गाळप हंगामात येते. कारखान्याच्या परिसरात कोप्यांची, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांची, रांग पाहून ‘लेबर कॅम्प, संस्थात्मक’ असं लिहिण्याचा मोह होतो. ते चूक आहे. प्रत्येक कोपीसमोर वेगळी चूल असते. प्रत्येक कोयता म्हणजे बहुधा एक जोडपं, सोबत लहान मुलं. ही सामान्य कुटुंबं आहेत आणि पूर्ण काळ तळावर असल्यामुळे इथेच मोजायची आहेत. पहाटे फडात जातात, म्हणून अंधार पडल्यावरच भेटतील. मुकादमाकडे कोयत्यांची संख्या असते, माणसांची नाही. तिच्यावर विसंबू नका. गावी राहिलेली मुलं हंगामी वसतिगृहात जेवून झोपायला आजी-आजोबांकडे जात असतील, तर त्यांची नोंद आजी-आजोबांच्या घरी व्हायला हवी. तळावरच्या आईने ती मुलं मोजून दिली तर यादीतून काढा आणि गाव लिहून पर्यवेक्षकांकडे द्या.

१ मार्चनंतरची फेरभेट

२०११ मध्ये १ ते ५ मार्च ही फेरभेटीची मुदत होती. संस्थेत ही फेरी टाळू नका, कारण इथे माणसांची ये-जा घरापेक्षा जास्त असते. तुमच्या पहिल्या भेटीनंतर आणि १ मार्चच्या ०० वाजण्यापूर्वी जन्मलेलं बाळ वाढवा. त्याच काळात मृत्यू झालेल्याचं नाव कमी करा. मध्यरात्रीनंतरचा जन्म किंवा मृत्यू हिशोबात येत नाही. रुग्णालय आणि वृद्धाश्रमात म्हणूनच तारखेसोबत वेळही विचारा. या दिवसांत नव्याने आलेल्यांपैकी जो आधी कुठेच मोजला गेला नाही त्याला लिहा. फुटपाथवरून २० फेब्रुवारीला बेगर होममध्ये (भिक्षेकरी गृहात) आणलेला म्हातारा याच फेरीत सापडतो. २०११ मध्ये २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची गणना झाली होती. तुमच्या संस्थेच्या ओट्यावर, मंदिराच्या मंडपात झोपणारी माणसं त्या रात्रीच्या यादीत आली का, हे त्या भागाच्या प्रगणकाला विचारून घ्या.

मग कामाच्या यादीवर शेवटचा ताळा मांडा, स्त्री-पुरुष-इतर अशी बेरीज गोषवाऱ्याशी जुळवा आणि वही पर्यवेक्षकांकडे जमा करा. संस्थेकडून घेतलेला हजेरीपट त्याच दिवशी परत करा.